दुखणं अंगावर किती काढायचं?

'अंगावर काढणं' हा आपल्या मराठीतला मोठा मजेशीर वाक्प्रयोग आहे. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला. पुरुषाच्या बाबतीत तो वापरला जातो तेव्हा त्यात तक्रारीचा सूर असतो. 'किती सांगितलं, पण डॉक्टरकडे जाईल तर शपथ!' बाईच्या बाबतीत मात्र त्याला कौतुकाची झालर असते. 'आमच्या आईने कधी अंथरूण धरलं नाही हो, सगळी दुखणी अंगावर काढली.' साठीच्या समारंभात, निवृत्तीच्या निरोपात, इतकंच काय, तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांत हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई सापडणं कठीण. ऐकणारे माना डोलावतात, एखादीचे डोळे पाणावतात. पण त्या माउलीला अंथरूण का धरता आलं नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिने धरलं असतं तर चूल कोण पेटवणार होतं?

नोकरी आणि घर, दोन्ही सांभाळून तब्येत कशी राखावी, यावर आजवर भरपूर लिहून झालंय. पहाटे पाचला उठा, कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या, अर्धा तास चाला, दहा मिनिटं प्राणायाम करा, स्वतःसाठी वेळ काढा. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटं बऱ्यापैकी घाम येईल असा व्यायाम करावा. पण मैत्रिणींनो, हा वेळ 'काढायचा' कुठून? ज्या बाईचा दिवस पाचलाच सुरू होतो, पाणी भरणं, डबे, मुलांची शाळा, सासऱ्यांची गोळी आणि सव्वानऊची बस यात जिचा श्वास अडकलेला असतो, तिला 'आणखी लवकर उठा' असं सांगणं म्हणजे तिच्या झोपेतलाच तुकडा मोडून तिलाच व्यायाम म्हणून वाढणं! माझं स्पष्ट मत आहे, की बाईचं आरोग्य हा तिच्या एकटीच्या शिस्तीचा प्रश्न नाही. तो घरातल्या कामाच्या वाटपाचा प्रश्न आहे.

हे हवेत बोलत नाही, आकडे बघा. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर 'वेळेच्या वापराची' पाहणी केली. म्हणजे माणसं दिवसाचे चोवीस तास नेमके कशात घालवतात, त्याची नोंद. त्यात दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईचे रोज सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. जवळजवळ पाच तास! घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी होती ९७ मिनिटं. बरं, ही सरासरी कुणाची? तर जे काम करतात त्यांची. त्या पाहणीत दर शंभर पुरुषांमागे घरकामाला हात लावणारे होते जेमतेम सव्वीस, आणि बायका एक्क्याऐंशी. पुढे २०२४ मध्ये पुन्हा तशीच पाहणी झाली. बाईची मिनिटं २९९ वरून २८९ वर आली. दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांची ९७ वरून ८८ वर घसरली! म्हणजे कुकर, मिक्सर, वॉशिंग मशीन यांनी बाईचा थोडा भार हलका केला असेल तर असेल, पण घरातल्या दुसऱ्या हातांनी तो उचलला असं काही दिसत नाही. यात मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं धरलेलं नाही, त्याचा हिशोब वेगळाच आहे.

आता या पाच तासांवर आठ तासांची नोकरी आणि दीड-दोन तासांचा प्रवास ठेवा. उरलं काय? त्या उरल्यासुरल्यातून तिने झोपायचं, जेवायचं, मुलांचा अभ्यास घ्यायचा, आणि वर 'फिट' राहायचं! आपण याला 'तारेवरची कसरत' म्हणतो आणि महिला दिनाला तिच्या हातात गुलाबाचं फूल देतो. कसरत करणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीलासुद्धा खेळ संपल्यावर खाली उतरता येतं हो. आपली तार काही संपत नाही.

मी स्वतः घर सांभाळणारी बाई. बी.ए. झाले, ते मराठी घेऊन. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. पण सांगलीत आमच्या भागातल्या महिला मंडळाबरोबर गेली बारा-तेरा वर्षं रक्त तपासणीची शिबिरं भरवते. शेजारी मिरज, म्हणजे दवाखान्यांचं माहेरघरच. डॉक्टरांना तोटा नाही, लॅबना तोटा नाही. तरी शिबिराला बायका गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो. घरोघर जाऊन बोलवावं लागतं आणि उत्तरं ठरलेली. 'मला काय धाड भरलीय?' 'आधी ह्यांची शुगर बघा, माझं काय एवढं.' 'आज गुरुवार आहे, उपास आहे.' 'रक्त काढलं की अजून अशक्तपणा येतो म्हणतात.' एक आजी तर म्हणाल्या, 'तपासलं की निघतंय बाई काहीतरी, नगंच ते.' हसू येतं, पण त्या बोलण्यात एक शहाणपण दडलेलं आहे. निघालं तर पुढे काय, कोण नेणार, कोण खर्च करणार, घरचं कोण बघणार, याची उत्तरं तिच्याकडे नसतात. मग न बघितलेलंच बरं!

आणि निघतं काय? बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. आपला महाराष्ट्र प्रगत म्हणवतो ना? इथे ५४ टक्के. त्याआधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, ते ४८ होतं. म्हणजे मधल्या काळात रस्ते वाढले, मोबाईल वाढले, मुलींचं शिक्षण वाढलं, आणि बायकांचं रक्त मात्र कमी झालं.

हे फक्त गरिबाघरचं दुखणं आहे असं समजू नका. आमच्या शिबिरात सर्वांत लक्षात राहिलेली चिठ्ठी ७.८ची आहे. मोठ्या माणसात, गर्भारपण नसताना, बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं आणि ८ च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय. ही ७.८ वाली बाई एका पतसंस्थेत हिशोब बघायची. हातात दोन तोळ्यांच्या पाटल्या, स्वतःची स्कूटी, घरात दूधदुभत्याला कमी नाही. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी चिडचिड होते, केस मूठ-मूठ गळतात, एवढंच तिचं म्हणणं. 'वय झालं आता, चाळिशी आली,' असं म्हणून तिने ते दोन वर्षं अंगावर काढलेलं. विचारत गेलो तेव्हा कळलं, की महिन्याची पाळी आठ-आठ दिवस जाते. सकाळी चार डबे भरून ती स्वतः चहा-बिस्किटावर बाहेर पडते. दुपारचा डबा काउंटरवरच्या गर्दीत तीन वाजता उघडते. रात्री सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. भाजी बहुतेक वेळा उरतच नाही, मग चटणी-भाकरी, दही-भात. घरात अन्नाला कमी नाही, तिच्या ताटात कमी आहे. हा फरक कुठल्याही लॅबच्या रिपोर्टमध्ये छापून येत नाही.

दुसरी एक शिक्षिका. तिला वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग झाला. औषध घेतलं की बरं, पुन्हा तेच. कारण काय, तर शाळेतलं बायकांचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही, म्हणून ती दहा ते पाच पाणीच पीत नाही. किती साधी गोष्ट! पण ही साधी गोष्ट बसच्या कंडक्टर बाईची आहे, बाजारात भाजी विकणारीची आहे, शेतात खुरपायला जाणारीची आहे. मुंबईत बायकांनी याच मागणीसाठी 'राइट टू पी' ही चळवळ उभी केली तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली होती. मुतारी हा काय चळवळीचा विषय आहे? आहेच मुळी. कामाच्या ठिकाणी बाईला तहान मारावी लागत असेल, तर तिला 'दिवसाला आठ ग्लास पाणी प्या' हा सल्ला देण्यात काय अर्थ?

या न परवडणाऱ्या आजारपणाचं टोक बघायचं असेल तर बीडकडे बघा. तिथल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ साली उघड झालं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जाणार. अशा वेळी पाळीचं दुखणं, अंगावरून जाणं, पोटात दुखणं, हे सगळं 'कामात येणारा अडथळा' ठरतं. मग डॉक्टर म्हणाला पिशवी काढून टाक, कटकट मिटेल, की बाई तयार होते. आपल्याला वाचताना अंगावर काटा येतो. पण जरा थांबून विचार करू या. 'मला आजारी पडून चालणार नाही' हे वाक्य त्या फडातली बाई म्हणते, आणि शहरातल्या फ्लॅटमधली मॅनेजर बाईही म्हणते. दोघींच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक, हे कबूल. पण त्या वाक्यामागची समजूत एकच आहे, की बाईचं शरीर हे आधी कामासाठी आहे आणि मग तिच्यासाठी.

काही जणी म्हणतील, आता काळ बदललाय, आजकालचे नवरे खूप मदत करतात. करतात ना! मी नाही म्हणत नाही. आमच्याच गल्लीत एक रिक्षावाला भाऊ आहे. बायकोची हिमोग्लोबिनची चिठ्ठी त्याच्या हातात दिली, शेजारी त्याची स्वतःची ठेवली. तो बघत राहिला. 'एवढा फरक असतोय व्हय?' एवढंच म्हणाला. तेव्हापासून सकाळचं पाणी भरणं आणि पोरांचे डबे त्याच्याकडे. 'मदत' म्हणून नाही, त्याचं काम म्हणून. पाणी आलं की बायकोला कुणी हाक मारत नाही. मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. 'मदत' या शब्दात काम तिचंच राहतं. काय करायचं हे तिनेच सांगायचं, लक्षात तिनेच ठेवायचं, आणि केल्याबद्दल वर कौतुकही तिनेच करायचं! त्यापेक्षा एकेक काम पूर्णपणे एकेकाच्या नावावर करून टाका. दळण, भाजी आणणं, आजोबांची औषधं, रात्रीची भांडी. ज्याचं काम त्याची आठवण. पहिले पंधरा दिवस भांड्यांना खरकटं राहील, दळण जाडंभरडं येईल. येऊ दे. तुम्ही उठून परत घासायला लागलात, की काम पुन्हा तुमच्या नावावर चढलं म्हणून समजा.

आणि सासवांबद्दल बोलायचं तर, ज्यांनी स्वतः उभं आयुष्य शेवटी जेवण्यात घालवलं, त्यांना सून सगळ्यांबरोबर पानावर बसलेली खटकते, हे मी पाहिलंय. त्यांना दोष देऊन काय उपयोग? त्यांनाच पहिल्यांदा बरोबर बसवायला हवं. रात्रीचं एक जेवण तरी सगळं सामान मध्ये ठेवून सगळ्यांनी एकत्र घ्यावं, ज्याने त्याने वाढून घ्यावं. यात पैशाचा खर्च शून्य. पण भाजी संपत आली की ती सगळ्यांना संपताना दिसते, एकटीला नाही.

आता थोडं रक्ताबद्दल, कारण याबाबतीत गैरसमज फार. आपल्या देशातल्या पोषणाच्या शास्त्रीय शिफारशींनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि पाळी येणाऱ्या बाईला २९. म्हणजे ज्याला आपण आधी वाढतो त्याच्यापेक्षा जिला शेवटी उरतं तिची गरज मोठी! पालेभाज्या, कडधान्यं, नाचणी, बाजरी, हळीव, तीळ, आणि खात असाल तर मांस-मासे, यातून ते मिळतं. जेवणात लिंबू पिळलं, आवळा किंवा पेरू खाल्ला तर ते अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर बरंचसं वाया जातं. चहा सोडा म्हणत नाही मी, तेवढं पाप कोण करेल! फक्त जेवण आणि चहा यात तासभर अंतर ठेवा. उपास करायचे तर जरूर करा, पण उपास म्हणजे दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी नव्हे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, ताक, फळं घ्या. आठवड्यातून तीन-तीन उपास धरणाऱ्या बायकांनी तर हा विचार करायलाच हवा.

पण एकदा रक्त फार खाली गेलं, की नुसत्या बीट-खजुराने ते वर येत नाही, गोळ्या लागतात. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, थोडी बद्धकोष्ठता होते. घाबरून बायका आठ दिवसांत गोळ्या बंद करतात आणि पाकीट देव्हाऱ्याशेजारी पडून राहतं. काळं होणं हा गोळीचा गुण आहे, दोष नाही. पोटाला अगदीच सोसत नसतील तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका, दुधाबरोबर तर नकोच. आणि डॉक्टर सांगतील तितके महिने घ्या, 'बरं वाटलं' म्हणून मध्येच सोडू नका. मुख्य म्हणजे रक्त कमी का झालं ते शोधा. पाळी जास्त जाते का, जंत आहेत का, बी-१२ कमी आहे का, थायरॉइड बिघडलंय का. कारण न शोधता गोळ्या घेणं म्हणजे गळका हंडा भरत बसणं.

तिशी ओलांडली की रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. राज्य सरकारने २०२२ च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढली होती, २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राची 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' झाली. दोन्ही नावांत एक गंमत आहे, लक्षात आली का? माता सुरक्षित कशासाठी, तर घर सुरक्षित राहावं म्हणून. नारी स्वस्थ कशासाठी, तर परिवार सशक्त व्हावा म्हणून. मोहिमा चांगल्याच आहेत, मी स्वतः बायकांना घेऊन गेलेली आहे. पण बाईने केवळ स्वतःला बरं वाटावं म्हणून बरं असावं, पायऱ्या चढताना धाप लागू नये, संध्याकाळी जिवाला उभारी असावी, एवढं कारण पुरेसं का नाही? ती आई नसेल, लग्न झालेलं नसेल, एकटी राहत असेल, तरी तिचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायलाच हवं ना?

कायद्यानेही थोडा हात दिलेला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण शिवणकाम करणारी, पापड लाटणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यातल्या कशातच बसत नाही. तिच्यासाठी रजा देणारं कुणी असेल तर ते तुम्ही-आम्हीच. आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींना महिन्याला चार हक्काच्या सुट्ट्या आणि आजारपणाचा पगार आपण देतो का, हेही एकदा आपापल्या मनाला विचारायला हवं. स्वतःसाठी विश्रांती मागायची आणि दुसरीची कापायची, हे काही शोभणारं नाही.

शेवटी एक सुचवते. दर संक्रांतीला आपण हळदीकुंकू करतो, वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, चमचे. कपाटं भरलीत आता त्यांनी. आमच्या मंडळाने दोन वर्षांपूर्वी ठरवलं, की वाण म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी द्यायची. खर्च जवळपास डब्याइतकाच येतो. तिळगुळाबरोबर एक चिठ्ठी, त्यावर तुमचा आकडा. कुंकू लावणाऱ्या, न लावणाऱ्या, सगळ्या बायकांना बोलावलं. कुणी म्हणालं, संक्रांतीला सुई कसली टोचता! पण आल्या, गप्पा मारत रांगेत बसल्या, एकमेकींचे आकडे विचारू लागल्या. दागिन्यांच्या आणि साड्यांच्या गप्पांत पहिल्यांदाच 'तुझं किती?' हा प्रश्न रक्ताबद्दल विचारला गेला. करून बघा तुमच्या सोसायटीत, भिशीत, वाड्यात. ती चिठ्ठी घरी नेल्यावर मात्र पर्समध्ये ठेवू नका. फ्रिजवर लावा, लाइट बिलाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी.